तिसाव्या दिवसापर्यंत: रस्त्यावरच्या मृत्यूची नोंद नीट कशी ठेवायची

समजा, कुडाळजवळच्या एका फाट्यावर संध्याकाळी साडेसातला टेम्पोने दुचाकीला उडवलं. दुचाकीवरचा तरुण बेशुद्ध. १०८ आली, जवळच्या सरकारी रुग्णालयात मलमपट्टी झाली, डोक्याला मार म्हणून तिथून थेट गोव्यात, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवलं. इकडे ठाण्यात गुन्हा दाखल झाला तो गंभीर दुखापतीचा. अकराव्या दिवशी तरुण गेला. तिकडे अकस्मात मृत्यूची नोंद झाली, शवविच्छेदन झालं, नातेवाइकांनी गावी आणून अंत्यसंस्कार केले. कागद मात्र अजून वाटेत आहेत.

हा मृत्यू कुणाच्या आकड्यात जायला हवा? उत्तर सोपं आहे: अपघात ज्या ठाण्याच्या हद्दीत आणि ज्या तारखेला झाला, त्या ठाण्याच्या आणि त्याच तारखेच्या नावावर. प्रत्यक्षात मात्र तो दोन्हीकडे मोजला जाऊ शकतो, किंवा कुठेच नाही. देशाचा आकडा म्हणजे अशा हजारो ठाण्यांतल्या नोंदींची बेरीज. दिल्लीत बसून ती बेरीज सुधारता येत नाही, ती ठाण्यातच सुधारावी लागते.

हे टिपण त्यासाठी आहे. नोंद करणारे अंमलदार, बांधकाम खात्याचे शाखा अभियंते, आरटीओतले मोटार वाहन निरीक्षक, सरकारी रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीत कागद घेऊन बसणारी मंडळी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. पत्रकार आणि कार्यकर्त्यांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं आहे.

आधी मृत्यूच का मोजायचे?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. म्हणजे एका मृत्यूमागे तीनसुद्धा जखमी नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेत ४२,५१४ मृत्यू आणि अंदाजे २३.८ लाख जखमी, एकामागे छप्पन. आपल्या रस्त्यांवर माणसं कमी जखमी होतात असं कुणी छातीठोकपणे सांगेल का? किरकोळ जखमेचं प्रकरण जागेवरच मिटतं. पाचशेच्या चार नोटा हातात ठेवल्या जातात आणि गाड्या मार्गाला लागतात. मृत्यू असा मिटवता येत नाही. पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, दाखला निघतो, विम्याचा दावा लागतो. चार ठिकाणी खूण राहते, म्हणून सुरुवात इथून करायची.

तरीही मृत्यूंचाही हिशेब लागत नाही. २०२१ साठी सरकारी आकडा १,५३,९७२ आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज २,१६,६१८. संघटनेचा आकडा गणिती प्रारूपातून आलेला आहे, त्यामुळे सगळा फरक नोंदीतल्या गळतीचा मानू नये. पण अर्धा फरक सोडून दिला तरी उरतात ती तीस हजारांवर माणसं.

अमेरिकेने हे काम १९७५ पासून एका पद्धतीने चालवलंय. तिथल्या यंत्रणेचं नाव फॅटॅलिटी अ‍ॅनालिसिस रिपोर्टिंग सिस्टीम, आणि त्याचं लघुरूप होतं ‘फार्स’. मराठी कानाला हे नाव विनोदी वाटेल, पण काम गंभीर आहे. त्यातली घेण्यासारखी गोष्ट अशी, की फार्स स्वतः कुठल्याही अपघाताचा तपास करत नाही. प्रत्येक राज्यात त्यासाठी प्रशिक्षित विश्लेषक असतात. पोलिसांचा अहवाल, गाडीची नोंदणी, चालकाचा परवाना, रस्त्याची माहिती, मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन, रुग्णवाहिकेची नोंद असे आधीच तयार असलेले कागद ते गोळा करतात आणि एका ठरलेल्या साच्यात उतरवतात. पोलिसांवर नवा फॉर्म लादायचा नाही, असलेले कागद एकमेकांना जोडायचे. आपल्याकडेही हेच करायचं आहे, फक्त ‘विश्लेषक’ या पदावर बहुतेक ठिकाणी कुणीच नसतं.

पहिली पायरी: काय मोजायचं ते भिंतीवर लिहून लावा

व्याख्या तीन ओळींत बसते. अपघातात किमान एक मोटार वाहन असावं. रस्ता लोकांना वापरायला खुला असावा. आणि अपघातापासून ३० दिवसांच्या आत मृत्यू व्हावा. आपल्या मंत्रालयाची मुदत हीच आहे. अमेरिकन मंडळी तर ती तासांत मोजतात, ७२० तास.

वाद होतात ते कडेच्या प्रकरणांवर. शेतात ट्रॅक्टर उलटून माणूस दगावला तर तो या यादीत नाही. तोच ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन गावच्या रस्त्यावर उलटला तर आहे. कारखान्याच्या फाटकाच्या आत गाडी मागे घेताना कुणी चिरडलं, तर नाही. गाडी चालवताना हृदयविकाराचा झटका येऊन चालक गेला आणि गाडी कशालाच न धडकता कडेला थांबली, तर तो आजाराचा मृत्यू. पण त्याच गाडीने पुढे पादचाऱ्याला उडवलं आणि तो गेला, तर पादचाऱ्याचा मृत्यू मोजायचा. रानडुक्कर आडवं आलं, दुचाकी घसरली आणि चालक गेला, तर मोजायचा. दुसरी गाडी नव्हती म्हणून असे मृत्यू ‘अकस्मात’च्या रजिस्टरमध्ये जाऊन बसतात. एकट्या गाडीचे अपघात कमी दिसण्यामागे हेही एक कारण असतं.

आणखी एक, मोजण्याचं एकक गोंधळू देऊ नका. तीन वेगळे तक्ते ठेवा: एक अपघातांचा, एक गाड्यांचा, एक माणसांचा. जीप आणि ट्रकच्या धडकेत चौघे गेले, तर पहिल्यात एक ओळ, दुसऱ्यात दोन आणि तिसऱ्यात जितकी माणसं तितक्या ओळी, वाचलेल्यांसकट. वाचलेल्यांची ओळ वगळायचा मोह होतो. पण मागच्या सीटवर पट्टा लावून बसलेली बाई वाचली आणि शेजारचा माणूस गेला, ही तुलना हवी असेल तर ती ओळ लागतेच.

दुसरी पायरी: जागा

सगळ्या रकान्यांत सर्वांत मोलाचा हा, आणि सर्वांत जास्त बिघडलेलाही हाच. एका तालुक्याच्या तीन वर्षांच्या नोंदी मी नकाशावर टाकून पाहिल्या होत्या. सर्वांत मोठा काळा ढीग दिसला तो थेट पोलीस ठाण्याच्या आवारात! नोंद घटनास्थळी न करता परत आल्यावर टेबलावर बसून केली, की मोबाइल बिचारा टेबलाचेच अक्षांश-रेखांश देतो.

देशात यासाठी आता ई-डार ही प्रणाली आहे. आधी तिचं नाव आयरॅड होतं. आयआयटी मद्रास आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ती उभी केली, जागतिक बँकेची मदत होती आणि २०२१ मध्ये सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पोलीस मोबाइलवरून नोंद करतात, अपघाताला स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि मग रस्ता, परिवहन व आरोग्य खात्यांनी त्याच क्रमांकाखाली आपापली माहिती भरायची असते. साधन चांगलं आहे. पण साधनात जे भराल तेच त्यातून निघेल.

म्हणून जागेवर असतानाच चार गोष्टी करा. अक्षांश-रेखांश घ्या. जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा आणि त्यापासूनचं अंतर वहीत लिहा. गाडी कुठल्या दिशेला चालली होती ते लिहा, ‘पुण्याकडून साताऱ्याकडे’ असं. आणि फोटो दोन्ही दिशांनी, चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, किमान पन्नास पावलं मागून काढा. नुसत्या चेंदामेंदा झालेल्या गाडीचा फोटो वर्तमानपत्राच्या कामाचा. अभियंत्याला वळण, झाडी, दुभाजकातली फट आणि फलक दिसायला हवेत.

नंतर तपासणीही सोपी आहे. महाराष्ट्रातली कुठलीही जागा साधारण १५.६ ते २२.१ अक्षांश आणि ७२.६ ते ८०.९ रेखांश यांच्या आतच हवी. बाहेर गेली तर आकडा उलटा लिहिला गेलाय का ते पाहा. दुसरी नेहमीची चूक अंश आणि कला यांची. १८ अंश ३० कला म्हणजे १८.५०, १८.३० नव्हे. एवढ्या चुकीने अपघात बावीस किलोमीटर सरकतो, म्हणजे दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतही जाऊ शकतो.

तिसरी पायरी: कागद एका क्रमांकाखाली आणा

एका मृत्यूमागे साधारण एवढं साहित्य तयार होतं: फिर्याद आणि गुन्हा रजिस्टर नंबर, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, रुग्णालयाची एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची वैद्यकीय नोंद), १०८ची नोंद, आरटीओचा वाहन तपासणी अहवाल, ‘वाहन’ आणि ‘सारथी’ या सरकारी संगणक प्रणालींवरची गाडीची व परवान्याची माहिती. प्रत्येक कागदाला आपापला नंबर असतो आणि दुसऱ्याचा नंबर कुणीच लिहीत नाही. उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. ई-डारचा क्रमांक आणि गु.र.नं. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईने लिहायचा. रुग्णालयाला पत्र देताना, आरटीओला तपासणीसाठी कळवताना, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवताना तोच क्रमांक. मयताच्या नावावरून जुळवाजुळव करायला जाल तर फसाल. एकच माणूस एका कागदावर आडनावाने, दुसऱ्यावर वडिलांच्या नावाने आणि तिसऱ्यावर ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३५’ असा सापडतो.

कायद्याचं वेळापत्रक इथे आपल्या बाजूचं आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो. हे मुळात भरपाईसाठी आहे, आकडेवारीसाठी नाही. पण पन्नासाव्या दिवसापर्यंत बहुतेक कागद हाती आलेले असतात. फाइल एकदा उघडलीच आहे, तर त्याच बैठकीत आकडेवारीचे रकानेही पुरे करून घ्या. फाइल पुन्हा उघडायला दुसऱ्यांदा कुणी येत नाही, हा अनुभव सगळ्या खात्यांचा सारखाच आहे.

चौथी पायरी: तीस दिवस पाठलाग

लेखाचं नाव ज्यावरून दिलं ती ही पायरी, आणि सर्वांत जास्त गळती होते तीही इथेच.

जखमी माणूस ज्या दिवशी मरतो त्या दिवशी तो बहुधा दुसऱ्याच हद्दीत असतो. मोठी रुग्णालयं मोठ्या शहरांत. तिथल्या पोलिसांकडे मृत्यू शून्य क्रमांकाने नोंदला जातो आणि कागद मूळ ठाण्याकडे वर्ग होतात. कागद आल्यावर मूळ ठाण्याने गुन्ह्यात कलमवाढ करायची असते. दुखापतीच्या कलमाला भारतीय न्याय संहितेचं १०६(१), हयगयीने मृत्यू घडवल्याचं, जोडायचं, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं ३०४-अ. न्यायालयासाठी ही कलमवाढ होतेच, कारण त्याशिवाय दोषारोपपत्र उभं राहणार नाही. पण कलमवाढीच्या दिवशी आकडेवारीतला ‘गंभीर जखमी’ हा शब्द ‘मृत’ असा बदलायची आठवण कुणाला राहते? मासिक तक्ता तर मागच्याच महिन्यात वर गेलेला असतो.

तेव्हा असं करा. ठाण्यात एक साधी वही ठेवा. तिच्यात प्रत्येक गंभीर जखमीची एक ओळ: अपघाताची तारीख, ई-डार क्रमांक, कुठे हलवलं, नातेवाइकाचा फोन. पुढे चार कोरे रकाने: तिसरा दिवस, सातवा, पंधरावा, एकतिसावा. त्या त्या दिवशी फोन करायचा आणि ‘आहे’, ‘घरी गेला’ किंवा ‘मृत’ लिहायचं. फोन आधी रुग्णालयातल्या पोलीस चौकीला, नातेवाइकाला नंतर. ज्या घरात माणूस गेलाय तिथे ‘तुमचा पेशंट आहे का अजून’ असं विचारायची वेळ आपल्यावर येऊ नये, आणि त्यांच्यावर तर नकोच. अशी वही सांभाळायला महिन्याला दोन-तीन तास पुरतात.

कलमवाढीचा अहवाल पाठवणाऱ्याच अंमलदाराने त्याच बैठकीत ई-डारमधली तीव्रताही बदलायची, असा ठाण्याचा नियमच करून टाका. मागच्या महिन्याच्या आकड्यात बदल झाला तर वरच्या कार्यालयाला ‘सुधारित’ असं ठळक लिहून कळवा. आकडा नंतर वाढला म्हणून कुणी रागावत असेल तर रागावू द्या. वर्ष संपल्यावर किमान एक महिना थांबल्याशिवाय डिसेंबरचा आकडा पक्का होऊच शकत नाही, हे साधं गणित आहे.

रुग्णालयाच्या बाजूने दुरुस्ती आहे ती मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रात, म्हणजे नमुना ४ मध्ये. तिथे ‘डोक्याला गंभीर दुखापत’ किंवा त्याहून वाईट, ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे’ एवढंच लिहिलं, तर राज्याच्या आरोग्य आकडेवारीत हा मृत्यू रस्त्यावरचा म्हणून उरतच नाही. हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं. त्याच नमुन्यात मृत्यू नैसर्गिक की अपघाती आणि इजा कशी झाली, असे प्रश्न आहेत. तिथे ‘दुचाकीस्वार, टेम्पोशी धडक’ एवढे चार शब्द लिहिले, की संकेतांक देणाऱ्याला रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या व्ही मालिकेतला, म्हणजे वाहतूक अपघातांचा, योग्य क्रमांक लावता येतो.

आता आपली यादी किती पुरी आहे हे कसं कळणार? दोन स्वतंत्र याद्या एकमेकांशी ताडून. उदाहरणासाठी मनातले आकडे घेऊ. एका तालुक्यात वर्षभरात पोलिसांच्या यादीत ४० मृत्यू, रुग्णालयांच्या यादीत ३५, आणि दोन्हींत सापडणारे २८. एकत्र केलं तर वेगवेगळी नावं ४७ भरतात. दोन्हींतून निसटलेल्यांचा अंदाज काढायला (४० + १) × (३५ + १) भागिले (२८ + १), त्यातून १ वजा करायचा. उत्तर येतं साधारण ५०. म्हणजे आणखी तिघे कुठल्याच यादीत नसावेत, आणि पोलिसांच्या यादीत दर पाचातला एक नाही. एक सावधगिरी हवी: एमएलसी रुग्णालयातूनच पोलिसांकडे जाते, म्हणजे या याद्या पूर्ण स्वतंत्र नाहीत. तेव्हा खरा आकडा ५० पेक्षा थोडा जास्तच धरावा.

पाचवी पायरी: ‘हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात’

मराठी फिर्यादीतलं हे वाक्य रस्त्यावरच्या मृत्यूंबद्दल सर्वांत जास्त वेळा लिहिलं गेलेलं वाक्य असावं. ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’ हे त्याचं शेपूट. कलमाला हवे असलेले शब्द म्हणून ते लिहिलं जातं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हेच वाक्य आकडेवारीच्या ‘कारण’ रकान्यात जाण्याबद्दल. २०२२ च्या राष्ट्रीय अहवालात ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. वेग मारतो यात शंका नाही. पण त्या ७१ टक्क्यांपैकी किती ठिकाणी कुणी वेग मोजला होता आणि किती ठिकाणी फिर्यादीतलं वाक्य उचललं गेलं, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. आणि कारण ‘वेग’ असं एकदा लिहिलं, की बिनदिव्याचा उभा ट्रक, अर्धवट सोडलेला पूल, गायब झालेला फलक यांना कुणी विचारायला जात नाही.

‘कारण’ शोधण्याऐवजी दिसलं ते लिहा. यासाठी विल्यम हॅडन यांचा चौकटीचा तक्ता हाताशी ठेवावा. हॅडन पेशाने डॉक्टर, अमेरिकेच्या केंद्रीय रस्ता सुरक्षा यंत्रणेचे १९६६ मधले पहिले प्रमुख. आडव्या तीन ओळी: धडकेआधी, धडकेच्या वेळी, धडकेनंतर. उभे तीन रकाने: माणूस, गाडी, रस्ता. नऊ चौकोन झाले. कुडाळच्या आपल्या उदाहरणात ते असे भरतील: धडकेआधी रस्त्याच्या रकान्यात ‘फाट्यावर दिवा नाही, वळणाआड’, गाडीच्या रकान्यात ‘टेम्पोचा डावा हेडलाइट बंद’. धडकेच्या वेळी माणसाच्या रकान्यात ‘हेल्मेट होतं, त्याचा पट्टा लावलेला नव्हता, हेल्मेट बारा फुटांवर सापडलं’. धडकेनंतर ‘फोन ७:३८, १०८ आली ८:०५, मोठ्या रुग्णालयात १०:२०’. नऊपैकी चार चौकोन भरले तरी त्या मृत्यूबद्दल ‘भरधाव’पेक्षा कितीतरी जास्त कळलं.

वेगाचा अंदाज करायचाच असेल तर ब्रेकच्या खुणा टेपने मोजा. कोरड्या डांबरी रस्त्यावर पंचवीस मीटर खूण असेल तर ब्रेक लागताना वेग ताशी साधारण ६५ किलोमीटर किंवा त्याहून जास्त होता. घर्षणाचा गुणांक ०.७ धरून हे निघतं, ओल्या रस्त्यावर हिशेब बदलतो. नव्या गाड्यांत चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसमुळे खूण पुसट असते किंवा नसते, म्हणून ‘खूण नाही’ यावरून ‘ब्रेक मारलाच नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

आणि सोन्याने मढवून ठेवावा असा एक नियम: ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ हे दोन वेगळे रकाने आहेत. जखमीला लोकांनी उचलून रिक्षात घातलं, पोलीस पोचले तेव्हा हेल्मेट जागेवर नव्हतं. तर ‘माहीत नाही’ लिहा. दारूचंही तेच. नमुना घेतला आणि अहवाल आलेला नाही, नमुना घेतलाच नाही, आणि तपासणीत दारू आढळली नाही, या तीन गोष्टी तीन संकेतांकांनी लिहा. अमेरिकेतही मद्याच्या चाचणीचा निकाल सगळ्या चालकांचा मिळत नाही. तिथे न मिळालेल्या किमतींचा संख्याशास्त्रीय अंदाज बांधतात आणि तो अंदाज आहे हे उघड सांगतात. कोरी जागा ‘नाही’ समजून मोजली, की दारूचा प्रश्न कागदावरून आपोआप नाहीसा होतो.

सहावी पायरी: महिनाअखेरची चाळणी

ही थोडक्यात. अपघाताची वेळ ००:०० किती ठिकाणी आहे ते पाहा. मध्यरात्री एवढे अपघात होत नसतात, वेळ भरलेली नसते. पादचाऱ्याच्या ओळीत सीट बेल्टची माहिती आहे का? मृत्यूची तारीख अपघाताच्या आधीची आहे का? वय शून्य म्हणजे खरंच तान्हं बाळ की कोरा रकाना? एखाद्या ठाण्यात सहा महिने एकही पादचारी मेला नाही असं दिसलं, तर आनंद मानण्याआधी अकस्मात मृत्यूचं रजिस्टर उघडा. २०२२ मध्ये देशातल्या मृतांमध्ये दुचाकीवरचे ४४.५ टक्के आणि पादचारी १९.५ टक्के होते. तुमचा जिल्हा यापासून फारच लांब असेल तर कारण शोधायला हवं. कदाचित खरंच वेगळा असेल, पण कदाचित नोंद वेगळी असेल.

सातवी पायरी: आकड्यातून जागेपर्यंत

राष्ट्रीय महामार्गांसाठी मंत्रालयाने ब्लॅक स्पॉटची व्याख्या अशी ठरवली: साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात मागच्या तीन कॅलेंडर वर्षांत मिळून मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. मोजताना एक खोड टाळा. किलोमीटरच्या दगडापासून ५००-५०० मीटरचे ठोकळे पाडू नका. अपघात ठोकळ्याच्या कडेवर असले तर तीन इकडे आणि तीन तिकडे पडतात आणि दोन्ही पट्टे सुटतात. ५०० मीटरची पट्टी पन्नास-पन्नास मीटरने पुढे सरकवत जा आणि प्रत्येक वेळी मोजा.

दुसरी गोष्ट बैठकीत कुणाला आवडत नाही. सगळ्यांत वाईट वर्ष पाहून आपण जागा निवडतो, आणि वाईट वर्षानंतरचं वर्ष काहीही न करता बहुधा थोडं बरं जातं. बारा मृत्यूंचे पाच झाले म्हणून गतिरोधकाचं कौतुक करण्याआधी तीन वर्षं आधीची आणि तीन वर्षं नंतरची ठेवा. शेजारी काहीच न केलेली तशीच एखादी जागाही ठेवा.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं उदाहरण या दोन्ही बाजूंनी बघण्यासारखं आहे. २०१६ मध्ये तिथे १५१ माणसं गेली. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था यांनी अपघातांची जागेवर तपासणी करून कामं काढली: रस्त्याकडेचे उघडे कठीण अडथळे, लेनमध्ये उभी राहणारी वाहनं, वेगावर कारवाई. २०२० मध्ये मृत्यू ६६ वर आले. घट मोठी आहे आणि कामही खरं आहे. पण २०२० हे टाळेबंदीचं वर्ष होतं, तेव्हा नेमकं तेच वर्ष ‘नंतर’ म्हणून धरणं न्यायाचं नाही. आधीच्या दोन-तीन वर्षांची उतरण पाहूनच बोलावं.

शेवटी, ब्लॅक स्पॉटच्या यादीने समाधान मानू नका. गावागावांतून जाणाऱ्या राज्य मार्गावर मृत्यू विखुरलेले असतात. कुठल्याच ५०० मीटरमध्ये पाच भरत नाहीत, पण चाळीस किलोमीटरमध्ये तीस भरतात. अशा ठिकाणी जागा नव्हे, प्रकार मोजा: रात्री, पादचारी, बाजाराच्या दिवशी. इलाजही मग रस्त्याच्या पूर्ण लांबीचा निघतो.

बाहेरून माहिती हवी असेल तर

फार्सच्या फायली नावं आणि ओळख काढून कुणालाही फुकट मिळतात. आपल्याकडे वार्षिक अहवाल मिळतो, एकेका अपघाताची ओळ नागरिकाला सहज मिळत नाही. माहितीच्या अधिकारात मागताना ‘अपघातांची सर्व माहिती द्या’ असं लिहिलंत तर नकार किंवा तीन गोण्या कागद, यांपैकी एक मिळेल. नेमकं मागा: अमुक ठाणं, अमुक तीन वर्षं, प्रत्येक जीवघेण्या अपघाताची तारीख, वेळ, किलोमीटर क्रमांक, वाहनांचे प्रकार, मृत व्यक्ती चालक की प्रवासी की पादचारी. आणि अर्जातच लिहा की नावं, पत्ते, वाहन क्रमांक नकोत. वैयक्तिक माहितीच्या कलमावर बोट ठेवायला मग जागा उरत नाही. छापताना मात्र छोट्या गावातली ‘१९ वर्षांची मुलगी, अमुक फाटा, अमुक तारीख’ ही ओळ नावाशिवायही नावच असते. वय गटात द्या, तारखेचा फक्त महिना द्या.

बैठकीला जाताना

जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत पंचवीस पानी सादरीकरण कुणी वाचत नाही. एका जागेसाठी एक पान न्या. वर नकाशाचा तुकडा, त्यावर तीन वर्षांचे ठिपके. खाली प्रत्येक मृत्यूची एक ओळ, हॅडनच्या चौकोनांतून उचललेली. त्याखाली धडकांचा प्रकार एका चित्रात, बाणांनी: कोण कुठून आलं, कुठे धडकलं. आणि तळाशी फक्त तीन रकाने: काम, करणारं कार्यालय, तारीख. ‘संबंधित विभागाने योग्य ती कार्यवाही करावी’ असं इतिवृत्तात आलं, तर ते काम झालं नाही असंच समजा. उपविभागाचं नाव लिहून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९८-अ रस्त्याच्या सदोष रचनेसाठी आणि देखभालीसाठी संबंधित यंत्रणेला व कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगतं. त्याची एक प्रत पानाला टाचलेली असली, तर नाव लिहून घेणं सोपं जातं असं मी पाहिलंय.

पुढच्या बैठकीत नवं पान काढू नका, तेच पान परत ठेवा. ठिपके वाढले असतील तर लाल रंगात. आणि निघण्याआधी ठाण्यातली ती वही एकदा उघडा. बांबोळीला हलवलेल्या तरुणाच्या ओळीत पंधराव्या दिवसाचा रकाना अजून कोरा असेल, तर पानावरचा आकडा एकाने कमी आहे.